पन्नास गाद्या आणि एक पंगत

पिंगळी स्टेशनासमोरच्या रांगेत मन्मथअप्पांचं किराणा दुकान आहे. पुढं गूळ, हळद, बिडीबंडल, रॉकेलचा पिंप. मागच्या खोलीत धान्याची पोती. पोत्यांच्या वर, उंदीर पोचणार नाहीत अशा बेतानं, आढ्याला पखवाज टांगलेला असतो. गावात त्याला मृदंग म्हणतात. सोमवारी संध्याकाळी तो खाली उतरतो, मठात जातो, आणि शिवभजन आटोपलं की पुन्हा आढ्याला जातो. अप्पांच्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं. त्यांनी मुलाला ठेका शिकवला, डाव्या अंगाला कणीक किती ओली लावायची ते शिकवलं, आणि त्यापुढचं शिकवायच्या आत ते गेले. त्यापुढचं त्यांना येत होतं असंही नाही.

पुढचं काहीतरी असतं हे अप्पांना १९७७ साली रेडिओवर कळलं. उत्तरेतला एक वादक पखवाज वाजवत होता. त्याचं नाव तेव्हा फारसं कोणाला माहीत नव्हतं. पुढं सगळे त्याला पंडितजी म्हणू लागले. त्याच्या वाजवण्यात एक बोल असा होता की अक्षरं सुटी ऐकू यायची पण मोजता यायची नाहीत. पोतं फाटून ज्वारी फरशीवर सांडावी तसा आवाज. दुसऱ्या दिवशी अप्पा तो बोल हातात बसवायला लागले. बोटांच्या टोकांनी, मनगट ताठ धरून. मध्यम लयीत तो जमला. लय वाढवली की बोटं एकमेकांत अडकायची आणि मनगटात कळ यायची. हात नेमका कसा चालतो, बोटं पडतात की पंजा, हे रेडिओ सांगत नव्हता.

हात बघायचा, एवढंच अप्पांना हवं होतं. एकदा, जवळून.

तशी संधी पुढच्याच वर्षी आली. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी चारठाण्याच्या देवळात एका धृपद गायकाचं गाणं ठरलं. साथीला हाच वादक. देवळात पास नसतो, खुर्ची नसते. जो आधी येईल तो पुढं बसेल. अप्पांनी आदल्या दिवशीच जायचं ठरवलं होतं. जुलैच्या शेवटी विधानसभेत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आठवड्याच्या आत मराठवाडा पेटला. गावोगावी दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, एसटी बंद पडली. त्या हिशेबात चारठाण्याचा एक कार्यक्रम रद्द होणं कुठंच बसत नाही, आणि अप्पांनीही तो कधी बसवला नाही. गायक आणि वादक परभणीत दोन दिवस अडकले आणि खांडव्याकडं निघून गेले. ती गाडी पिंगळीवरूनच गेली. अप्पा दुकानात होते.

नंतरच्या वर्षांत पंडितजी मोठे झाले. परदेशात गेले, दिल्लीत सन्मान मिळाला. अप्पा दोनदा नांदेडला मोठ्या मैदानावरच्या महोत्सवाला गेले. मैदानात मागं बसून व्यासपीठावर पांढरा झब्बा दिसतो, हात दिसत नाही. परभणीला टीव्ही आल्यावर ते तिथल्या एका डॉक्टरांच्या कंपाउंडरकडं एका कार्यक्रमासाठी गेले. कॅमेरा पंडितजींच्या चेहऱ्यावर होता, मग तंबोऱ्यावर गेला, मग बराच वेळ फुलदाणीवर थांबला. अप्पा परत आले आणि बोटांच्या टोकांनीच वाजवत राहिले. मठातल्या प्रत्येक भजन-सप्ताहानंतर मनगट सुजायचं. भागम्मा, त्यांच्या पत्नी, मोहाचं तेल लावून द्यायच्या आणि बोलायच्याही.

१९९१ च्या फेब्रुवारीत पंडितजी परभणीला येणार अशी बातमी आली. शहरातल्या डॉक्टर-वकिलांचं एक संगीत मंडळ होतं, त्याचे कार्यवाह माणिकराव वकील. बैठक एका जिनिंगवाल्याच्या बंगल्यातल्या माडीवर, रविवारी संध्याकाळी पाच वाजता. माईक नाही. पन्नास गाद्या, पन्नास माणसं, एकेकाला तीनशे रुपये.

अप्पा माणिकरावांच्या ऑफिसात गेले. घरखर्च जाऊन महिन्याला दुकानातून एवढे उरत नसत. दहा-वीस रुपयांचा, उभं राहून बघायचा काही पास असतो का, असं त्यांनी विचारलं.

माणिकराव सभ्य माणूस होते. त्यांनी सगळा हिशेब समजावून सांगितला: बिदागी, औरंगाबादपर्यंतचं विमान, तिथून गाडी, सोबतची तीन माणसं. पंडितजींची अट होती की ऐकणारे हाताच्या अंतरावर हवेत, नाहीतर येणार नाहीत. आणि हाताच्या अंतरावर पन्नासच माणसं मावतात.

"अप्पा," ते म्हणाले, "तुमच्या वीस रुपयांत पंडितजी विमानतळापर्यंत रिक्षानं येतील. पुढं त्यांना चालवायचं का?"

अप्पाही हसले. उठता उठता त्यांच्या कानावर आलं की बैठकीनंतरच्या जेवणाची व्यवस्था अजून कोणी घेतलेली नाही. ते दारातून परत फिरले आणि म्हणाले, ती पंगत माझी. माणिकरावांनी त्यांचे हात हातात घेतले.

इथं काय झालं ते समजायला सप्ताह माहीत असावा लागतो. सप्ताहात रोज एका घरची पंगत असते. ज्याची पंगत, त्याची त्या दिवशी भजनात पुढची जागा. तो उशिरा आला तरी टाळकरी सरकतात. त्याला कोणी बसा म्हणत नाही आणि तोही बसू का म्हणून विचारत नाही. विचारणं दोन्ही बाजूंनी हलकं समजतात. अप्पांनी पंगत घेतली तेव्हाच त्यांच्या लेखी जागेचं बोलणं झालं होतं. माणिकरावांच्या लेखी एका भाविक दुकानदारानं देणगी दिली होती.

भागम्मांना ते पटलं नव्हतं.

"पासाचं इचारलं का?"

"पंगत आपली हाय. पास कशाला लागतोय?"

"वकिलाच्या घरी सप्ता हाय व्हय?"

अप्पा गहू निवडायला बसले. नगद हातात नव्हती, पण गहू, तूरडाळ, गूळ, तेल दुकानातच होतं. साठ माणसांचा शिधा निघाला. पासाच्या किमतीहून तो पुष्कळ जास्त भरत होता हे त्यांना माहीत होतं, आणि बरंही वाटत होतं.

रविवारी सकाळी ते टेंपोतून सामान घेऊन बंगल्यावर पोचले. मागच्या अंगणात चुली मांडून घेतल्या, गव्हाची खीर स्वतः उभं राहून शिजवून घेतली. चार वाजता हौदावर अंघोळ केली, धुवट सदरा घातला, कपाळाला विभूती लावली आणि माडीच्या जिन्याशी आले. जिन्याशी मंडळाचा एक कार्यकर्ता होता, बँकेतला कारकून. त्यानं पास मागितला. अप्पा म्हणाले, पंगत माझी आहे. कारकून म्हणाला, जेवण नंतर आहे, खाली अंगणात. दोघंही आपापलं वाक्य पुन्हा एकदा म्हणाले. मग माणिकरावांना बोलावणं गेलं.

माणिकराव खाली आले आणि चूक कुठं झाली ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, एक शब्द आधी बोलायचा होता हो. मी माझी गादी दिली असती."

"आता द्या की," अप्पा म्हणाले.

तीही राहिली नव्हती. नांदेडचे एक सर्जन ऐन वेळी सपत्नीक आले होते आणि माणिकरावांनी स्वतःची गादी त्यांच्या पत्नीला दिली होती. ते स्वतः जिन्याच्या वरच्या पायरीवर बसणार होते, बंद दाराबाहेर. दाराशी कोणी उभं राहिलेलं पंडितजींना चालत नसे. माणिकरावांनी शिध्याचे पैसे घ्या म्हणून आग्रह केला. अप्पांनी मान हलवून नको म्हटलं आणि ते अंगणात गेले.

पाच वाजता वरचं दार बंद झालं. पंगतीचे यजमान म्हणून अप्पांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या खालपर्यंत आल्या. मग पखवाज सुरू झाला. माडीच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळं आवाज स्वच्छ येत होता. तासाभरानं तो बोल आला, मग दुप्पट लयीत आला. आचारी म्हणाला, काय ऐकू येतंय बघा अप्पा, फुकटात. ऐकू तर रेडिओवरही येत होतं.

दिवेलागणीला पंगत बसली. पंगत देणाऱ्यानं पहिलं वाढप स्वतः करायचं असतं. अप्पा पुऱ्यांची परात घेऊन पंडितजींच्या पानासमोर आले तेव्हा त्या हाताच्या आणि त्यांच्या मध्ये वीतभर अंतर होतं. हात खिरीत होता. रुंद पंजा, जाड बोटं, मनगट मात्र बाईच्या मनगटासारखं सैल.

परात खाली ठेवून अप्पांनी दखनी हिंदीत आपलं नाव, गाव सांगितलं आणि मृदंग वाजवतो म्हणाले. मग त्या बोलाविषयी विचारलं. पंडितजींनी त्यांच्याकडं एकदा बघितलं, हात पुसला आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर तो बोल सावकाश वाजवून दाखवला. बोटं नव्हतीच. अख्खा पंजा पडत होता आणि कुलपात किल्ली फिरावी तसा मनगटातून इकडं-तिकडं वळत होता. एवढंच होतं. चार वेळा दाखवून ते म्हणाले, आता तुम्ही.

अप्पांनी पाटावर हात ठेवला. पंजा वळेना. त्यांनी पुन्हा केलं. पंडितजींनी त्यांचं मनगट धरलं, अंगठ्यानं सांधा दाबत खालून वर नेला, आणि अप्पांचा चेहरा बघून दाब कमी केला.

"कितने साल से उँगलियों से बजा रहे हो?"

"चौदा साल हुए जी."

"शुरू में ही कोई हाथ दिखा देता," पंडितजी म्हणाले.

पुढचं त्यांनी वैद्यानं सांगावं तसं सांगितलं. सांधा आवळला आहे. या वयात तो सुटणार नाही, जोर केलात तर आहे तो ठेकाही जाईल. हा बोल सोडा. चारठाण्याचं सांगावं असं अप्पांच्या मनात आलं, पण तेवढ्यात पलीकडच्या पानावरून सर्जननी पुरी मागितली आणि ते परात उचलून पुढं गेले.

अप्पांनी तो बोल लगेच सोडला नाही. दोन महिने दुकानाच्या फळीवर पंजा वळवायचा प्रयत्न केला. मनगट इतकं सुजलं की पाच किलोचं वजन तराजूत टाकता येईना. ते भागम्मा टाकू लागल्या. मग अप्पा थांबले.

पुढच्या हिवाळ्यात मंडळाचा माणूस पिंगळीला आला. या वेळी सतारवादक होते आणि पास पाचशेचा. अप्पा पंगत घेतील का, आणि हो, त्यांना पास देऊ, माणिकरावांनी मुद्दाम सांगितलंय, असं तो म्हणाला. अप्पा आतून आलेच नाहीत. भागम्मा गल्ल्यावर होत्या.

"पंगत न्हाई आता," त्या म्हणाल्या. "दुकान हाय. नगद द्या, माल न्या."

सोमवारचं भजन चालू आहे, फक्त अप्पा आता लय वाढवत नाहीत. टाळकऱ्यांचे पुढारी भगवानराव यांनी पहिले काही सोमवार वाट बघितली, मग भर मठात विचारलं, "अप्पा, येवढ्या मोठ्या पंडिताला भेटलाव, अन हळू वाजवायचं शिकून आलाव व्हय?"

"व्हय," अप्पा म्हणाले. "त्येवढंच सांगितलं त्यानं."

लोक हसले. त्यानंतर कोणी विचारलेलं नाही. भजन रंगात आलं की टाळकरी सवयीनं लय वाढवतात, चार-सहा आवर्तनं पुढं जातात, अप्पांच्या हाताकडं बघतात आणि ठेक्यावर परत येतात.