सातव्या मिनिटाला चढलेली रेघ

शेजारणीने गुडघ्यासाठी दिलेली जडीबुटीची पुडी आज सकाळी उघडली. सुंठ-ओव्याचा वास आला आणि मला अंबडच्या लॅबमधला तो बाक आठवला.

तेव्हा मी तिथे नवी होते. हरसूलकडचे एक काका त्या बाकावर बसले होते, पाय सुजलेले. सांधेदुखीवर ते अशीच पुडी घ्यायचे, दुसरं औषध कुठलंच नाही. डॉक्टरांना तिचाच संशय होता, म्हणून लघवीची बाटली देऊन त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. मी सॅम्पल मशीनमध्ये सोडलं. सातव्या मिनिटाला स्क्रीनवरची रेघ सरळ वर चढली, दुखण्याच्या गोळीची जिथे चढते तिथेच. आधीच्या सॅम्पलचा अंश राहिला असेल, म्हणून नुसतं द्रावण सोडून पाहिलं. रेघ सपाट आली. म्हणजे गोळी काकांच्याच अंगात होती.

इतका सुबक ग्राफ मला पहिल्यांदाच मिळाला होता. कागद घेऊन मी धावतच बाहेर गेले. "काका, बघा किती स्वच्छ आलंय. पुडीत गोळी कुटून घातलीय. पाय त्यानंच सुजत असतील."

त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. "म्हंजी गुण येतो तो त्या गोळीचाच. मंग ती सोडून भाताच्या आवणीला वाकू कसा, बाई?"

"ते डॉक्टर सांगतील," म्हणून मी पुढचं सॅम्पल लावायला आत गेले.

तो ग्राफ मी कित्येक वर्षं जपला. काकांचं नाव काही आठवत नाही.

पुडीत काय असणार, हे मला ठाऊक आहे. तरी गुडघा धरून मी पाणी आणायला उठले.