अराफातच्या हद्दीचा फलक

जिल्हिज्जची नववी, हजचा मुख्य दिवस, ऑगस्ट १९८६. कमरपट्ट्यात पाचशे चाळीस रियाल. सोबत फक्त आई, वय सदुसष्ट. गटातले बाकीचे लोक सकाळी अकराच्या गर्दीत मशिदीपाशी सुटले होते आणि आपला तंबू कुठे आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

तंबू नसता तरी चाललं असतं. त्या दिवशी दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात असावं लागतं. हद्दीबाहेरच राहिलो तर हज झालाच नाही, आणि त्यातून दंड भरूनही सुटका नाही. आईच्या हजसाठी आम्ही अकरा वर्षं पैसे साठवले होते. तिच्या गुडघ्यांकडे पाहता दुसरी खेप होणार नव्हती.

हद्द ओळखणं तर माझं रोजचं काम. लाकडाच्या ठेकेदाराकडे मी मुनीम होतो. आलापल्लीकडच्या कूपांत, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यांत, सोळा वर्षं हिंडलो होतो. आमच्या कूपांत खांबावरचा नंबर आतल्या बाजूला रंगवत, म्हणजे आत काम करणाऱ्याला तो दिसावा. इथे मशिदीजवळ मोठा पिवळा फलक होता. अरबी अक्षरं जुळवून ‘अरफात’ एवढंच वाचता आलं. अक्षरांचं तोंड आमच्याकडे होतं, तेव्हा आपण आत आहोत असं मी ठरवलं आणि आईला एका भिंतीच्या सावलीत, बस-टँकरच्या ड्रायव्हरांशेजारी, बसवलं.

ती हात पसरून दुवा मागत होती. साडेपाचच्या सुमारास थांबली.

“बाबू, इथी कोनीच दुवा करून नाई राह्यलं. समदे डायवर झोपून राह्यले.”

“थकले असतील.”

“आजच्या रोजी? कोनाले तरी विचार त.”

शेजारी हैदराबादकडचा एक म्हातारा टँकरवाला चहा करत होता. त्याला विचारलं.

“बोर्ड का मुँह किधर है, मियाँ?”

“हमारी तरफ.”

“तो बाहर हो ना. आने वाले को बताते, कि अराफात यहाँ से शुरू. तुम तो अम्मा को लेके दरवाजे पे बैठे.” माझा चेहरा पाहून त्याने आवाज उतरवला. “घंटाभर है अभी. भागो मत, अम्मा गिर जाएँगी.”

आईचं मनगट धरून निघालो. आतले लोक परतीसाठी बसकडे सरकत होते, त्यामुळे सगळी गर्दी समोरून अंगावर येत होती. आईचं मनगट घामाने दोनदा सुटलं. फलक ओलांडला, मागे वळून त्याची पाठ पाहिली, तरी विश्वास बसेना. एकदा चुकलो तसा पुन्हा चुकलो असेन तर? आणखी चारशे पावलं गेलो. एका पोलिसाला विचारलं, दोन हाजींना विचारलं. तिघांनीही पायाखालची जमीन दाखवली.

“आता कुठवर चालवतं? मले त वाटते आपली ब्रम्हपुरीच आली,” आई म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, “डोक्यावरची चादर काढ पयले.”

एहरामात, म्हणजे हजच्या दोन बिनशिवल्या चादरींत, पुरुषाला डोकं झाकता येत नाही. चालताना कधीतरी, चंद्रपूरच्या उन्हात दुपट्टा घेतो तशी, मी वरची चादर डोक्यावर ओढून घेतली होती. मला पत्ताच नव्हता.

सूर्य बुडायला पस्तीस मिनिटं होती. आई उभी राहून दुवा मागत होती. मला एकही दुवा नीट आठवली नाही. मी फक्त फलकाची पाठ आणि सूर्य आलटूनपालटून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामी, मिनात, गट सापडला. गटातल्या मौलवींना सगळं क्रमाने सांगितलं, काही लपवलं नाही. सूर्य वर असताना दोघंही आत होतात का, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणालो. हज झाला, म्हणाले. डोकं झाकल्याबद्दल पावणेदोन किलो गव्हाची किंमत दान करायची होती. ती चार रियाल निघाली. सुट्टे नव्हते म्हणून तंबूंच्या रांगेमागे बसलेल्या एका आंधळ्या बाईला पाच दिले.