मंजूचं नाव पटावर ठेवणाऱ्या शोभा बाई

त्या सकाळी मी माझ्या मुलीचं नाव शाळेतून काढायला गेलो होतो.

देवाजवळ दिवा लावला, तलावावरचं जाळं भावाच्या हवाली केलं आणि सरळ शाळा गाठली.

मंजू तेव्हा तिसरीत होती. तिला डाऊन सिंड्रोम आहे. बोलायला वेळ लागतो, शब्द जड येतात.

परिपाठ सुरू होता. सगळी शाळा सावधानमध्ये उभी.
आणि समोर ऑर्डर द्यायला मंजू!

शाळेतल्या शोभा बाईंनी तिला हे काम दिलंय, मला माहीतच नव्हतं.

'विश्राम' काही तिच्या तोंडून निघेना. मी घाईघाईने बाईंकडे निघालो, तर बाईच म्हणाल्या,

"भाऊ, तिथीच उभे राहा. विश्राम नाई झाला अजून."

मी उभा राहिलो. हात मांडीला चिकटवून.
पुढच्या ओळीतली एक पोरगी हळूच म्हणाली, "काका, टाचा जुळवा."

बराच वेळ गेला. कोणी हसलं नाही.
शेवटी शब्द आला.

नंतर ऑफिसात म्हणालो, "बाई, तिचं नाव काढून टाका. लोकं हसून राह्यले."

"कोन हसलं? नाव सांगा."

मला एकही नाव सांगता आलं नाही.

"म्हंजे तुमालेच लाज वाटून राह्यली, भाऊ."

राग आला. पण खोटं नव्हतं.
नाव पटावर राहिलं. मंजू सगळ्यांच्या सोबत सातवीपर्यंत शिकली. बाई तिचा पेपर मोठ्या अक्षरात, हाताने लिहायच्या.

गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढे चामोर्शी.
बाई आजारी पडल्या. भेटायला गेलो तर पहिला प्रश्न,
"आठवीचं काय केलं?"
"पाहू, बाई."
"तुमचं 'पाहू' मले माहीत आहे."

आठवड्याभरात बाई गेल्या.
मी वर्षभर पाहतच राहिलो. मैत्रिणी एसटीने जायच्या, मंजू गणवेश घालून ओट्यावर बसायची.

आज बाईंना जाऊन वर्ष झालं.
सकाळी मंजूला घेऊन चामोर्शीच्या शाळेत गेलो. तिथले सर म्हणाले, "हिच्यासाठी वेगळी शाळा पाहा ना, भाऊ. इथी कसं जमन?"

"सात वर्षं जमलं, सर. मी बसतो इथीच."

दुपारपर्यंत बसलो.

बाई, उशीर केला, माफ करा. तुम्हाला हात जोडून नमस्कार.

मंजूचं नाव आठवी 'ब'मध्ये लागलं आहे.