डर्मट हसत आला तो मंगळवार

आमच्या दवाखान्यात समुपदेशनाची एक खोली आहे. खुर्च्या आहेत, टिश्यूचा डबा आहे, पण समुपदेशक हेस्टर त्या खोलीत टिकत नाही. गावातल्या बाप्यांना ती गाडीत शेजारी बसवते आणि ऑस्ट्रेलियातल्या या गिप्सलँड भागातल्या रस्त्यांवर तासभर फिरवते. "यांच्या डोळ्यात डोळे घातले की वाचाच बसते, ग्लेनिस. समोर रस्ता असला की बोलतात." मी तिथली रिसेप्शनिस्ट. मला हा शुद्ध पोरखेळ वाटायचा.

डर्मट तर गाडीतही बोलायचा नाही. तो आमच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा कप्तान. जानेवारीच्या वणव्यात त्याचा बंब एका घरापर्यंत वेळेत पोचला नाही आणि आतलं म्हातारं जोडपं गेलं. तेव्हापासून माणूस पार पिळवटून निघाला होता. सहा गुरुवार तो तिच्या शेजारी मुका बसला. तिनेही काही उकरून काढलं नाही.

सातव्या आठवड्यात तो मंगळवारीच आला, दाढी करून, सोबत कुत्री घेऊन.

"हिला ठेवून घेशील? तुझ्याकडे रमेल."

"अरे, ठेवते की! पण तू कसा आहेस?"

"झकास!" म्हणाला आणि चक्क हसला.

इथे पाय मोडलेला माणूसही झकासच म्हणतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी भुलले. हेस्टर आल्याबरोबर मी कौतुकाने म्हटलं, "तुझी मात्रा लागू पडली बाई! डर्मट हसत होता. ही कुत्रीसुद्धा देऊन गेला."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कधी?"

"झाला असेल अर्धा तास."

"चल. ॲम्ब्युलन्सला गाडीतून फोन लाव."

ॲम्ब्युलन्स चाळीस मिनिटं लांब होती. मला काही सुचेना. त्याच्या घराच्या फाटकाची कडी मी उलटीच ओढत बसले, तेव्हा हेस्टर माझ्यावर खेकसली.

डर्मट पायरीवर बसला होता. जिवंत होता!

"काय गं, काही राहिलं का?" त्याने विचारलं.

हेस्टर त्याच्या शेजारी टेकली. "डर्मट, तू जीव द्यायचं ठरवलं आहेस का?"

असं तोंडावर विचारतात? मला तिचा संताप आला.

"हो," तो म्हणाला. "सगळे येतात आणि वणव्यात कुंपण किती जळलं ते विचारतात. हे कुणी विचारलंच नाही."

"मी विचारलं. आता ॲम्ब्युलन्स येईल, मी तुझ्याबरोबर बसून जाईन. हॉस्पिटलमध्येही थांबेन."

"तुला बाकीचे पेशंट नाहीत?"

"आहेत. ते थांबतील."

मग तो रडायला लागला, मोठ्याने, लाज न धरता. मी अंगणात नुसती उभी. तो कुत्री देऊन निरोप घेत होता हे न ओळखण्याच्या माझ्या मूर्खपणामुळे अर्धा तास गेला होता, आणि त्याच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. रडता रडताच डर्मट जरा सरकला आणि मला बसायला जागा करून दिली.