कॉटखालची अढी

मंडळी, वाशीतल्या आपल्या बिल्डिंगच्या फळ्यावर आज मुद्दाम लिहितोय.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि घरात चिलटं! पंपानं औषध मारलं, मोरी घासली, तरी ती आईच्या डोळ्यावरच्या पट्टीभोवतीच.

सकाळी भिंतीपलीकडून शेजारच्या वहिनी यजमानांना म्हणाल्या, "अहो, कॉटखाली पिकायला घातलेले आंबे कुजलेत. चिलटं आजींकडे जातायत."

"गावचे आंबे गं! सगळे टाकू?"

"डागी टाका, चांगले वाटा. गवतसुद्धा काढा. आधी आजींचा डोळा!"

संध्याकाळपर्यंत चिलटं विरळली. आईनं निवांत चहा घेतला. आमच्याकडेही आंबे आले. वहिनी, आंबे वाटण्याचं कारण तुम्ही सांगितलं नाहीत, पण माझे कान तिखट आहेत. मनापासून आभार!

बाकीच्यांनो, तुमच्या अढीत आज कोणी हात घालून पाहिला का?