मेंढ्यांची कातर

कातर मेंढ्यांची होती. पात्यांना लोकरीचा तेलकट वास येत होता. माझी आई पोत्यावर उकिडवी बसली होती. मुकादमानं तिची मान खाली दाबून धरली होती आणि तिची वेणी धनगराच्या मुठीत होती. ती एका झटक्यात कापली जात नव्हती. लोकर कातरायची कातर माणसाच्या वेणीवर अडत होती, म्हणून तो थोडी थोडी चावल्यासारखी कापत होता. आईनं डोळे मिटून घेतले.

कापसाच्या जिनच्या फाटकाशी. भर दुपारी. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत.

आधी न्हाव्याला बोलावलं होतं. तो फाटकापर्यंत आला. कोणाचे केस कापायचे हे कळलं, तसा धोकटी काखेत मारून परत गेला. आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाच्या डोक्याला त्याच्या बापानंही कधी हात लावला नव्हता. बाबा केस कापायला हिंगणघाटला जायचे, नाहीतर अंगणात बसून शेजाऱ्याकडून कापून घ्यायचे. आम्ही बौद्ध झालो त्याला किती वर्षं झाली होती! मी तर जन्मलेच बौद्ध म्हणून. तरी न्हाव्याच्या वस्तऱ्याला आमचा विटाळ होतच होता. जिनचा मालक सेठ त्याच्यावर चिडला नाही. "त्याचंबी बरोबर हाय," म्हणाला. मग जवळच्या वावरात मेंढ्या बसवायला आलेल्या धनगराला त्यानं बोलावून घेतलं.

वडनेरच्या बाजूला रस्त्याला लागून ही जिन होती. कापसातली सरकी काढायची, रुई दाबून तिच्या गठाणी बांधायच्या, असा तो कारखाना. आम्ही बाया ढिगाजवळ बसून कापूस निवडायचो. पाला, काडी, कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेगळा काढायचा. कुणबी-तेल्यांच्या बाया दाराजवळ बसत. तिथं वारा असे. आम्ही आत, यंत्राच्या बाजूला. तिथली भुकटी नाकातोंडात जाई. संध्याकाळी खाकरलं की तोंडातून रुईचा गोळा निघे. बाबांनी त्याच यंत्रावर उभी जवानी घालवली आणि आता ते खाटेवर बसून खोकत होते. त्यांच्या नाकावर बांधायला फडक्याचा तुकडा कधी कोणी दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. मागायचा असतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

बाबा बसल्यावर आई आणि मी, आम्हा दोघींच्या हातावर घर होतं. मी सातवी पास होते. शाळेची सवय म्हणून दोन वेण्या घालायचे, फितीसकट. मुकादम चिडवायचा, "बालिस्टर, चाल, बस खाली." सगळे हसायचे. मीही हसायचे. त्या हसण्याचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

आमच्या जिनच्या गठाणी मुंबईला जात आणि तिथून जहाजानं बाहेर देशात. त्या मोसमात मुंबईचा दलाल आला. त्याच्याजवळ कागदाच्या पुडीत केस होते. तिकडच्या गिरणीत सूत कातताना आमच्या गठाणीतून केस निघाले. कापड रंगवलं की केसावर रंग चढत नाही, रेघ दिसते, सगळा तागा वाया जातो. मी सेठच्या ओसरीसमोर झाडत होते. सारं ऐकलं. दलाल रागावला नव्हता. सरळ बोलला.

"औरतों के सर पे टोपी दो, सेठ. वहाँ सब पहनती हैं. कपड़े की टोपी, और क्या!"

सेठ म्हणाला, "टोपी कायले? केसच काढून टाकतो."

दलाल हसला. त्याला वाटलं, सेठ मस्करी करतोय. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर कातर होती.

आणि कातर फक्त आमच्यासाठी. दाराजवळच्या बाया एका बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या केसांना कोणी हात लावला नाही. त्यांच्यातली एक चंद्रभागा मावशी माझ्या आईबरोबर दरसाल कापूस वेचायला जायची, शेताच्या एकाच धुऱ्यावर, बांधावर, बसून दोघी भाकर खायच्या, आपापली. आईनं तिच्याकडे पाहिलं. मावशीनं पदर पुढं ओढला आणि मान फिरवली.

मी मुकादमाला विचारलं, "आमचेच काऊन?"

"त्याईच्या डोक्यावर पदर असते."

"आमच्याबी असते."

"तुह्या जीभंवर नाई," तो म्हणाला. सगळे पुन्हा हसले.

मग माझी पाळी आली. मी बसले. हो, बसले! घरी बाबा खाटेवर होते आणि चूल दोघींच्या हातावर होती, म्हणून बसले. मुकादमाचा हात मानेवर पडला. उजवी वेणी धनगराच्या हातात गेली. कानाशी कच् कच् आवाज होत होता. डोक्याची कातडी ओढून निघत होती. वेणी फितीसकट मांडीवर पडली. धनगर माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता. हळूच पुटपुटला, "सेठनं सांगतलं वो माय." त्या बिचाऱ्याच्या पायातही वहाण नव्हती.

त्यानं डावी वेणी धरली. तेवढ्यात समोर आईचं डोकं दिसलं. पदर खाली पडला होता. ती दोन्ही हातांनी डोकं चाचपत होती. अंधारात वस्तू शोधतात तशी. मी मुकादमाचा हात झटकला आणि उभी राहिले.

"बस ना वो," मुकादम म्हणाला. "एक राह्यली."

"राह्यली तं राहू दे."

सेठ गादीवरून उठून आला. "काय झालं?"

मी म्हटलं, "बाहेर देशच्या सायबानं माहे केस नाई मांगतले, सेठ. टोपी मांगतली व्हती. टोपी तुम्ही नाई देल्ली."

ओसरीसमोर झाडणारीलाही कान असतात, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"उद्यापासून कामावर येजो नोको."

"येत नाई."

मी फाटकाबाहेर पडले. एक वेणी होती, एक नव्हती. पदर घेतला नाही. मुद्दाम घेतला नाही. गावाच्या मधल्या रस्त्यानं निघाले. दुकानासमोरून, पारासमोरून. पारावरचा एक जण ओरडला, "मेंढीचं एक शिंग काऊन ठेवलं?" पोरं मागं लागली. मागून आई धावत आली, रडत, डोकं गुंडाळून.

"पदर घे वो माय! लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. त्याइनं पाहावं म्हणूनच चालून राह्यली."

बाबांनी मला पाहिलं. खूप वेळ खोकले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. सेठला शिवी देतील. निदान मला जवळ घेतील. ते म्हणाले, "आता कामाले कुठं जाशीन?"

एवढंच. मी चुलीमागं जाऊन रडले. त्यांचा राग आला. पण त्यांचंही काय चुकलं होतं? माणसाला इतकं वाकवलं की आधी पोटच दिसतं, पोरीचं डोकं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली. त्याच फाटकातून, त्याच जागेवर, यंत्राच्या बाजूला. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. तिनं आणलेलं पीठ मात्र खात होते.

आणि केसांचं काय झालं माहीत आहे? फेकले नाहीत. गावात केस घेणारा फिरायचा. सुया, फुगे देऊन बायांच्या कंगव्यातले केस न्यायचा. मुकादमानं आमच्या वेण्यांचा गठ्ठा त्याच्या पेटीत घातला. मीच त्याला गाठून विचारलं, "याचं काय करता?" तो म्हणाला, "लांब केस हाय बाई. विलायतेत याचे टोप बनते. तिथल्या बाया डोक्यावर घालते." माझ्या आईची वेणीही जहाजात बसली. आमचा हात लागलेली रुई त्यांना चालते, आमचे केस डोक्यावर चालतात. आमच्या गावच्या न्हाव्याला तेवढं आमचं डोकं चालत नाही!

मला त्या दिवशी नीट कळलं. माझं भांडण समुद्रापलीकडच्या माणसाशी नव्हतं. त्याला स्वच्छ माल हवा होता आणि तो त्यासाठी दाम मोजत होता. त्या दामातलं हातभर फडकं आमच्यापर्यंत पोहोचू दिलं नाही ते इथल्याच माणसानं.

मी गाद्या भरायला लागले. मोहल्ल्यातल्या आणखी दोघी सोबत आल्या. कवडीचा कापूस गादीला चालतो. सेठच्या जिनमध्ये त्याचे ढीग पडलेले असत. आम्ही रोख घ्यायला गेलो. मुकादम म्हणाला, "तुमाले नाई भेटत. नागपूरच्या व्यापाऱ्याले कबूल हाय." दुसऱ्या दिवशी तोच ढीग पावसात भिजत पडलेला दिसला. महिनाभर पडून होता, काळा पडला.

बँकेत गेलो. लहान धंद्याला कर्ज मिळतं असं रेडिओवर ऐकलं होतं. साहेबानं खुर्ची दाखवली नाही. "जामीनदार कोण?" म्हणाला. आमच्या मोहल्ल्यात कोणाची सही बँकेला चालणार नव्हती. तो म्हणाला, "तुमच्या गावात जिनवाले सेठ आहेत ना? चांगले गृहस्थ आहेत. त्यांची सही आणा." तो खरंच मदत करत होता असं त्याला वाटत होतं. त्याच वर्षी सेठच्या जिनपर्यंत डांबरी सडक आली, विजेची वेगळी तार आली. देशाला परदेशी पैसा मिळवून देतो म्हणून तालुक्याला त्याचा सत्कार झाला, गळ्यात हार पडला. हार घालून तो जीपमध्ये उभा राहून गावातून फिरला. आई रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं हात जोडले.

तेव्हा मी ठरवलं की आधी हे हात सोडवायचे.

मी घरोघर बसले. रोज एक घर. भाषण केलं नाही. फक्त विचारलं, तुझा खोकला कधीपासून आहे? तुझ्या केसांचं काय झालं सांगू का? बाया आधी उठून जात. मग बसायला लागल्या. एके दिवशी चंद्रभागा मावशी आली. ती आमच्या दारात कधी आली नव्हती. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "मलेबी खोकला लागला वो. दाराजवळ बसूनबी लागला." मी तिला आत बोलावलं. ती आत आली नाही. पण गेलीही नाही.

पुढच्या मोसमात मोठा सौदा झाला. सेठला सगळे हात हवे होते आणि एकही बाई गेली नाही. मोहल्ल्यातली नाही, दाराजवळची नाही; त्यांना मावशीनं थांबवलं होतं. आम्ही मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराच्या अंगणात बसलो होतो, तिथं सेठ जीप घेऊन आला. पायातले जोडे काढले नाहीत.

"चाला वो बायाहो. झालं गेलं इसरून जा."

मी पुढं झाले. कापलेल्या बाजूचे केस आता खांद्यापर्यंत आले होते. म्हटलं, "टोपी पाहिजे, नाकाले फडकं पाहिजे. आळीपाळीनं दाराजवळ बसू, सगळ्याच. अन् कवडी व्यापाऱ्याले ज्या भावात देता, त्याच भावात आमाले द्याची."

तो हसला. "बाहेर देशचा माणूस तुले विचारून माल घेते का?"

"नाई. पण तुम्ही मले विचारून न्या."

"ट्रक भरून दुसऱ्या गावच्या बाया आणतो," तो म्हणाला आणि जीप वळवली. वळवताना आमचा पाण्याचा माठ चाकाखाली गेला. पाहिलं त्यानं. थांबला नाही.

ट्रक आज सकाळी आला. आम्ही त्याच्याआधी येऊन फाटकासमोर बसलो होतो. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला. मुकादमानं शिव्या दिल्या, आईच्या, बहिणीच्या, जातीच्या. ट्रकमध्ये उभ्या असलेल्या बाया घाबरून पाहत होत्या. आमच्यासारख्याच, काळ्या, सुकलेल्या, कडेवर पोरं. मी ओरडून सांगितलं, "बायाहो, इथं पयले टोपी मांगजा, मंग खाली उतरजा!" एकीनं मुकादमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणीच उतरलं नाही.

आई माझ्या शेजारी बसली आहे. "पोलीस येतीन वो," म्हणते. येतील. सेठ फोन करायला गेला आहे. जाऊ दे.

गठाणी जाऊ द्या समुद्रापार. मी त्यांच्या आड नाही. त्या गेल्या तर आमच्याही चुली पेटतात, एवढं मला कळतं. पण माझ्या बापाच्या छातीवरून आणि आईच्या मानेवरून जाणारी गठाण या फाटकातून बाहेर पडणार नाही. आधी मला उचलावं लागेल. उचलून नेलं तर सुटल्या दिवशी मी परत इथंच येऊन बसेन.