बाराबंदी शिवणारी जगदेवीमावशी

"हात वर कर. अजून वर. आता श्वास सोड. पोट आत ओढून माप दिलंस तर काठी पेलताना बंद तटातटा तुटतील, आन् लोक म्हणतील जगदेवीला माप घेता येत न्हाय."

"मावशी, पोट हाय कुटं मला?"

"दिसतंय की. वैजयंतीनं खाऊ घातलेलं सगळं हितंच हाय."

दर मार्गशीर्षात हा संवाद ठरलेला. समोर हात वर करून विरेश, त्याच्या मागे त्याची आई वैजयंतीकाकी, आणि गळ्यात टेप अडकवलेली जगदेवीमावशी. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची ती उंच, जड काठी पेलणाऱ्यांपैकी विरेश एक. त्यांच्या अंगावर जी पांढरी बाराबंदी असते, बटण एकही नाही, बांधायला नुसते बारा बंद, ती वैजयंतीकाकींच्या घरातल्या चौघांसाठी मावशी शिवायची. आधी तिचे यजमान सिद्धप्पा शिवायचे. ते गेल्यावर लोक म्हणाले, आता बाईमाणूस देवाचं कापड शिवणार का? मावशी म्हणाली, "त्यांच्या हातात सुई कोण ओवून देत हुतं मग?" विषय संपला.

त्या दिवसांत ती पहाटे आंघोळ करून मशीन पुसायची, मशीनला विभूती लावायची आणि एक बाराबंदी पुरी झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट घ्यायची नाही. बाकी अकरा महिने शुक्रवार पेठेतल्या बायकांचे ब्लाउज, साड्यांना फॉल, आणि मी काम करते त्या गल्लीतल्या नाटकमंडळीचे अंगरखे. वर्षाचं सगळं वजन त्या चार बाराबंद्यांत होतं. "ह्यांचं नाव त्याच्यात हाय," म्हणायची.

मावशीला चार वर्षांपासून एक त्रास होता. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर लघवी थांबेना. शिंकलं की थेंब, हसलं की थेंब, मशीनवरून उठलं की थेंब. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, व्यायाम सांगितले आणि मोठ्यांसाठीचे पॅड वापरायला सांगितले. मावशी कोपऱ्यावरच्या बसवेशच्या मेडिकलात एकदाच गेली. तो चांगला माणूस, पण कानाने कमी. "कुणासाठी? पेशंट अंथरुणाला हाय का? साईज काय आणू, लार्ज?" दुकानात सहा माणसं. मावशी "न्हाय न्हाय, डोकेदुखीची गोळी द्या" म्हणून परतली. पुढे जुनं सुती लुगडं फाडून वापरायची. मला कळलं ते असंच, अंगरख्याच्या ट्रायलला गेले असताना वळचणीच्या दोरीवर तेच तुकडे रोज वाळताना पाहून.

"मावशी, फोनवरून मागवा की," मी म्हणाले. "साध्या खोक्यात येतं. कुणाला कळत नाही."

"कुणाला म्हंजे कुणालाच?"

"कुणालाच."

हे मी म्हणाले. तिच्याच ओट्यावर बसून, तिचा फोन माझ्या हातात घेऊन. औषधांचं अ‍ॅप उतरवलं. मावशी ब्लाउजचे गळे रील्सवर बघायची. अ‍ॅपने विचारलं, तुमच्या रील्सच्या खात्यानेच आत यायचं का? नवा पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, म्हणून मी होय दाबलं. मग बारीक अक्षरांचं लांबलचक पान आलं. मावशी चष्मा लावून वाकली.

"काय लिवलंय गं एवढं? सातबाऱ्यापेक्षा मोठं हाय की."

"काही नाही मावशी. असंच असतं, कुणी वाचत नाही." मी सरसर खाली गेले आणि "मान्य आहे" दाबलं.

पुढचे सात-आठ महिने मावशी वेगळीच बाई झाली. मोहोळला बहिणीच्या नातीच्या बारशाला एसटीने गेली, खिडकीशी बसून. आल्यावर सांगत होती, "पाळण्यापाशी दोन तास बसले बघ. एकदा बी उठले न्हाय. बहीण म्हणाली, जगदेवी, आज तुला घाई न्हाय व्हय?" आणि हसली. तोंड उघडून, मान मागे टाकून. तोवर मी तिला नेहमी ओठ दाबूनच हसताना पाहिलं होतं.

दिवाळीच्या आधी एकदा तिने हाक मारली. "रेशमे, हिकडं ये. दार लाव आदी."

फोन कापडाच्या गठ्ठ्याखाली पालथा घातलेला. बाहेर काढून माझ्यापुढे धरला. त्यात ब्लाउजचे गळे होते. मटका गळा, पानाचा गळा, पाठीला गोंडे. मावशीकडे आता कागदाचं डिझाइनचं पुस्तक नव्हतं. गिऱ्हाईक बाई आली की तिच्या हातात फोन द्यायचा, ती बोटाने वर सरकवत गळा निवडायची, तोवर मावशी माप घ्यायची. आणि आता दोन गळ्यांच्या मधोमध एक बाई पोटावर हात ठेवून उभी होती. खाली मराठीत लिहिलेलं: लघवीवर ताबा राहत नाही? लाजू नका.

"ह्याला कुणी सांगितलं?" मावशीने विचारलं. आवाज अगदी बारीक. "पार्सलवाल्यानं?"

"नाही मावशी. तुम्ही औषधाच्या अ‍ॅपवर काय घेता ते ते अ‍ॅप ह्या रील्सवाल्या कंपनीला कळवतं."

"कशाला? माजं त्यांच्याशी काय वाकडं हाय?"

"वाकडं नाही. जाहिरात दाखवायला."

"आगं, बसवेशनं सहा माणसांत विचारलं म्हणून मी तितनं पळाले. आन् ह्यांनी..." 

मी जाहिरात बंद केली. "ही का नको?" असं फोनने विचारलं, त्याचंही उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. सेटिंगमध्ये जाऊन जेवढं बंद करता आलं तेवढं केलं. चार दिवस काही नाही, पाचव्या दिवशी बोलणारी जाहिरात. मावशी म्हणाली, "राहू दे. मीच फोन धरते, मीच दाखवते." पण माप घ्यायला दोन्ही हात लागतात.

मार्गशीर्षात वैजयंतीकाकी आल्या. पिशवीत चार बाराबंद्यांचं पांढरंशुभ्र कापड. विरेश सरावाला गेलेला, त्याचं माप नंतर. मी ओट्यावर अंगरख्याला हूक लावत बसले होते.

"जगदेवीअक्का, औंदा मला बी एक ब्लाउज पायजे. यात्रेत देवाच्या लग्नाला, अक्षतेला घालायला. दाखवा बघू नवीन काय आलंय."

"थांबा, मी दाखवते..."

"द्या हो हिकडं, मला येतंय. तुमी माप घ्या." काकींनी फोन ओढूनच घेतला.

मावशीने टेप काकींच्या दंडाभोवती धरली. काकी सरकवत होत्या. "हा बरा हाय... हा लई उघडा हाय, सासूबाई जिती जाळतील मला... हा..." आणि फोन मोठ्याने बोलायला लागला. एक गोड आवाजाची बाई. "हसताना, शिंकताना कपडे ओले होतात? आता चिंता नको..."

टेप दंडावर तशीच राहिली.

"हे काय वो अक्का?"

"जाहिरात हाय. सगळ्यांनाच येतंय की." मावशी हसायला गेली.

"मला तर न्हाय येत. मला दागिन्यांचं येतंय. मागं मिक्सर बघितला तर महिनाभर मिक्सर." काकींनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा मावशी बसते त्या स्टुलाकडे. "फोन उगाच न्हाय दाखवत काय."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी मध्ये पडले असते. त्यांनी फक्त पिशवी उचलली. "कापड जरा धुऊन आणते, खळ लई हाय. विरेशच्या बापाला बी विचारते, औंदा चारच पायजेत का पाच."

"वैनी, कापड ठेवून जावा की. मी धुते."

"न्हाय न्हाय. तुमी कशाला."

मावशी दारापर्यंत गेली. काकींच्या ब्लाउजचं अर्धवट माप वहीत तसंच राहिलं.

आठ दिवस वाट पाहून मी काकींच्या घरी गेले. त्यांनी मला चहा दिला आणि दार लोटून घेतलं.

"मी कुणाला बोलले न्हाय गं रेश्मा. आईशप्पत. पण देवाचं कापड हाय. मांडीवर घेऊन शिवतात. उद्या काठी पेलताना पोराचा पाय घसरला, तर घरात पयलं बोट माज्याकडं हुईल."

"काकी, तो आजार आहे. विटाळ नाही."

"मला सांगतीस व्हय?" त्या एकदम खाली बघून म्हणाल्या. "मला बी हुतंय. धाकटा झाला तवापासनं."

मला वाटलं, आता मार्ग निघाला. "मग तुम्हीच सांगा ना घरात!"

"काय सांगू? माजं म्हाईत न्हाय कुणाला. मी काय इकत घेतलं न्हाय कंदी." त्यांनी माझा रिकामा कप उचलला. "बाराबंद्या शिवायला टाकल्या गं, परवाच. स्टेशनकडं एक टेलर हाय."

बोलले नाही म्हणाल्या, ते खरंही असेल. पण दर वर्षीची पांढरी पिशवी यंदा मावशीच्या दारातून परत गेलेली गल्लीने पाहिली होती. बायका फॉल लावायला येत राहिल्या, पण ओट्याखालीच उभ्या राहायच्या आणि साडी नेताना म्हणायच्या, "घरी जाऊन एकदा पाण्यातनं काढते."

मी औषधांच्या अ‍ॅपवाल्यांना तक्रार लिहिली, चांगली पानभर. उत्तर दोन मिनिटांत आलं. तुमची गोपनीयता आमच्यासाठी मोलाची आहे. माहिती तुमच्या संमतीनेच इतरांना दिली जाते. संमतीची नोंद: अकरा मार्च, दुपारी चार वाजून सतरा मिनिटं.

मावशीने मला ते मोठ्याने वाचायला लावलं. मग म्हणाली, "संमती म्हंजे व्हय म्हणणंच की? मी कंदी व्हय म्हणाले?"

"तुम्ही नाही मावशी. मी म्हणाले."

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "तुला तरी काय म्हाईत," एवढंच म्हणून तिने सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा ओवला, तीनदा चुकला. मी हात पुढे केला, तर तिने सुई पदराला टोचून ठेवली.

अक्षतेच्या दिवशी गल्ली ओस पडली होती. सगळे तिकडे गेले होते. मी मावशीला न्यायला गेले, तर ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. अ‍ॅप तिने मला काढून टाकायला लावलं होतं. पॅड संपून पंधरा दिवस झाले होते.

"चला की मावशी. लांबूनच बघू."

"कुणाचे बंद बघायला येऊ?" मग पदर सावरून, "आन् उभं ऱ्हायला जमत न्हाय आता."

"मी आणते पॅड. माझ्या नावाने."

"वेडी हायस का? तुजं लगीन व्हायचंय. उद्या तुज्या फोनवर ती बाई बोलायला लागली तर?"

"मग तुमच्या बहिणीच्या नावाने?"

"तिच्या सुनंला कळंल."

"माझ्या आईच्या?"

"तुजी आई देवळात रांगोळी घालती." ती एकेक नाव मनात घेऊन टाकत होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिची नजर भिंतीवर सिद्धप्पांच्या हार घातलेल्या फोटोवर गेली आणि जरा थांबली. "ह्यांच्या नावानं मागवलं तर? मेलेल्या माणसाला कोण काय म्हणणार?"

"चालेल मावशी. त्यांच्या नावाने खातं काढू." मी फोन उघडला. नाव लिहायची चौकट आली. मी "सि" टाकलं.

"नगं," मावशी म्हणाली. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "त्यांनी चाळीस वर्षं बाराबंदी शिवली."